मूर्तीच्या हातात गुण्या आणि भाला, हा संत कोण? कुणाला माहिती असेल तर सांगा

गवंडीकाम_खानापूर:

नमस्कार सगळ्यांना. मी गवंडी आहे, खानापूर तालुक्यात २२ वर्षं हेच काम करतोय, वडिलांच्या हाताखाली शिकलो. सध्या जांबोटीच्या बाजूला एका वाडीत जुन्या चॅपेलचं काम धरलंय, पावसाच्या आत छप्पर आणि एक भिंत करून द्यायची आहे. चिऱ्याची भिंत, आतनं चुन्याचा गिलावा, कुणी केलंय माहीत नाही पण काय काम आहे हो, ओळंबा सोडून बघितलो तर वरपासनं खालपर्यंत दोरा एका रेषेत.

तर विषय असा की वेदीच्या उजव्या अंगाला कोनाड्यात एक लाकडाची मूर्ती आहे, दोन फूट असेल, रंग बराच उडालाय. दाढीवाला माणूस, एका हातात भाला. दुसऱ्या हातात मला आधी वाटलं काय तरी मोडकं लाकूड आहे, फडक्यानं धूळ पुसलो तर गुण्या! आपला काटकोन बघायचा गुण्या, सुतार-गवंडी वापरतात तोच, एक बाजू अर्ध्यात तुटलेली. मी काम थांबवून तितंच बसलो. आमच्यात खंडेनवमीला थापी, ओळंबा, गुण्या सगळं धुऊन पुसून पूजेला मांडतात, लहानपणापासनं त्याला पाय लागू दिला नाही कधी. विश्वकर्माच्या फोटोत हत्यारं असतात ते सोडलं तर देवाच्या हातात गुण्या मी कुठंच बघितलो नव्हतो, आणि तो पण चर्चमध्ये.

तिथं दिवा लावायला एक आज्जी येते तिला विचारलो तर म्हणाली सां तोमे, त्यापुढं तिला पण काय सांगता येईना. फादर महिन्यातनं एकदा येतात, अजून भेट नाही. हा माणूस कोण, गवंडी होता की सैनिक होता, गुण्या आणि भाला दोन्ही कशाला? जरा नीट सांगा, मला खरंच जाणून घ्यायचंय.

कॅम्प_बेळगाव:

दादा तो संत थॉमस, येशूच्या १२ शिष्यांपैकी एक. सां तोमे हे त्याचं पोर्तुगीज नाव, गोव्याकडनं आलेल्या आपल्या लोकांच्या तोंडात तेच बसलंय. गुण्या यासाठी की तो बांधकाम करणारा होता असं जुन्या कथेत आहे, म्हणून तो गवंडी, सुतार, आर्किटेक्ट सगळ्यांचा संत. भाला यासाठी की त्याला भाल्यानं भोसकून मारलं. म्हणजे एका हातात त्याचं काम आणि दुसऱ्या हातात त्याचं मरण, आमच्याकडं संतांच्या मूर्ती बऱ्याचदा अशाच ओळखायच्या असतात. आणि तो मेला आपल्याच देशात, चेन्नईला, अशी आमची श्रद्धा. बाकीचं रात्री ड्युटी संपल्यावर लिहितो, कथा मोठी आहे आणि तुम्ही गवंडी आहात म्हणजे तुम्हाला तर ऐकायलाच पाहिजे.

निपाणीच्या_बाई:

गवंडी दादा, तुमचा प्रश्न वाचून मला राहवलं नाही. मी २८ वर्षं शाळेत मराठी शिकवलं, आता रिटायर आहे, आणि आमच्या घरात तीन पिढ्या मराठी बायबल वाचलं जातं. त्यात या शिष्याचं नाव थोमा असं आहे. अरामी भाषेत तोमा म्हणजे जुळा, आणि ग्रीकमध्ये त्यालाच दिदुम म्हणतात, त्याचाही अर्थ जुळाच. जुळा भाऊ कोण ते बायबल सांगत नाही.

येशूचं चरित्र, म्हणजे शुभवर्तमान, लिहिणारे चौघे, त्यातल्या मत्तय, मार्क, लूक या तिघांनी फक्त यादीत नाव दिलंय, थोमाचं बोलणं ऐकायला मिळतं ते एकट्या योहानाच्या शुभवर्तमानात. आणि तिथं जे आहे त्यातलं एकच लोकांनी धरून ठेवलं, शंका घेणारा थोमा. चर्चमध्ये कुणी जास्त प्रश्न विचारले की लगेच, थोमा झालास काय रे म्हणून. मला हे लहानपणापासून खुपतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिल्यांदा तो बोलतो ते ११ व्या अध्यायात. येशूचा मित्र लाजर आजारी पडून मेलेला असतो, त्याचं गाव बेथानी, यरुशलेमच्या अगदी जवळ, आणि त्या भागात थोड्याच दिवसांपूर्वी लोकांनी येशूला दगडमार करायचा प्रयत्न केलेला. बाकीचे शिष्य म्हणतात तिकडं परत कशाला जायचं. तेव्हा थोमा सोबत्यांना म्हणतो, चला आपण पण जाऊ, त्याच्याबरोबर मरायला. हे वाक्य बोलणारा माणूस हाच. पेत्र नाही, योहान नाही, थोमा. पण हे कुणाच्या लक्षात राहत नाही.

दुसऱ्यांदा शेवटच्या जेवणाच्या वेळी. येशू सांगत असतो मी जातोय तिथली वाट तुम्हाला माहीत आहे, सगळे गप्प बसलेले, आणि थोमा सरळ बोलतो की प्रभू, तुम्ही कुठं चाललाय हेच आम्हाला माहीत नाही तर वाट कशी माहीत असणार. वर्गात असा एक तरी मुलगा असावा लागतो हो, समजलं नाही म्हणून उभा राहून सांगणारा, बाकीच्या चाळीस जणांना पण समजलेलं नसतंच. आणि त्याच्या या विचारण्यामुळंच येशूचं ते उत्तर आलं, मार्ग, सत्य आणि जीवन मीच आहे म्हणून, जे आज प्रत्येक चर्चच्या भिंतीवर लिहिलेलं असतं.

तिसरं ते सगळ्यांना माहीत असलेलं. येशू पुन्हा उठला, बाकीच्यांना दिसला, तेव्हा थोमा तिथं नव्हता. तो म्हणाला खिळ्यांच्या खुणा बघितल्याशिवाय, त्यात बोट घातल्याशिवाय, कुशीत हात घातल्याशिवाय मी मानणार नाही. पण बघा, बाकीच्या दहा जणांनी तरी कुठं नुसत्या सांगण्यावर मानलं होतं? बायका कबरीवरून धावत येऊन सांगत होत्या तर लूक लिहितो की शिष्यांना ती बडबड वाटली. त्यांनी डोळ्यांनी बघितल्यावर मानलं. थोमानं फक्त तेवढंच मागितलं जे बाकीच्यांना आधीच मिळालं होतं, आणि नाव मात्र याचंच पडलं.

आणि आठ दिवसांनी येशू आला, थोमाला म्हणाला ये, हात लाव, तेव्हा त्यानं हात लावला असं योहानानं कुठंही लिहिलेलं नाही. परत वाचून बघा. काराव्हाज्जो नावाच्या इटालियन चित्रकारानं १६०१-०२ च्या सुमाराला चित्र काढलं, त्यात थोमाचं बोट पार जखमेत गेलेलं दाखवलंय, ते चित्र जगभर गेलं आणि लोकांच्या मनात तेच पक्कं झालं. बायबलमध्ये थोमा फक्त एवढंच म्हणतो, माझा प्रभू, माझा देव. इतकं स्पष्ट बारा जणांतलं दुसरं कुणी बोललेलं मला तरी आठवत नाही.

गवंडीकाम_खानापूर:

बाई तुमचे लई उपकार. मी हे घरी मोठ्यानं वाचून दाखवलो, बायको आणि पोरगी दोघी ऐकत बसल्या.

एक सांगू का, मला तो माणूस पटला. आमच्या धंद्यात समोरचा मिस्त्री कितीही मोठा असू दे, भिंत सरळ आहे म्हणून सांगितला तरी मी ओळंबा सोडतो, गुण्या लावतो, आणि चांगल्या मिस्त्रीला त्याचा राग येत नाही, उलट तोच म्हणतो लावून बघ की. वडील मला हेच सांगायचे, की हात फिरवल्याशिवाय गिलावा पास करायचा नाही. येशूनं पण ये, हात लाव म्हणून सांगितलं म्हणता म्हणजे तो रागावला नाही असंच दिसतंय.

आता कॅम्पवाल्या दादांनी ती बांधकामाची कथा सांगावी, वाट बघतोय.

कॅम्प_बेळगाव:

आलो. तर ही कथा बायबलमधली नाही हे आधीच सांगतो, थॉमसची कृत्यं म्हणून एक जुना ग्रंथ आहे, तिसऱ्या शतकातला, सिरियाक भाषेतला, बहुतेक एडेसा शहरात लिहिलेला, ते शहर आज तुर्कस्तानात येतं, आताचं नाव उर्फा. चर्चनं तो बायबलमध्ये घेतला नाही पण कथा सगळीकडं पसरली.

सुरुवात अशी की शिष्यांनी जग वाटून घ्यायला चिठ्ठ्या टाकल्या आणि थॉमसच्या वाट्याला भारत आला. तो म्हणाला मी जाणार नाही, मी अशक्त माणूस, इब्री म्हणजे ज्यू माणूस, तिकडच्या लोकांना मी काय शिकवणार. त्याच वेळी हब्बान नावाचा एक व्यापारी बाजारात आलेला, त्याला गुंदफर राजानं चांगला सुतार शोधून आणायला पाठवलं होतं. तेव्हा येशूनं स्वतः त्या व्यापाऱ्याला गाठलं आणि थॉमसला गुलाम म्हणून विकून टाकलं, कागद करून. व्यापारी थॉमसला विचारतो हा तुझा मालक का, थॉमस म्हणतो होय, हाच माझा मालक. मग दुसऱ्या दिवशी तो गुपचूप जहाजावर जाऊन बसला.

पुढचं खास गवंडी दादांसाठी. व्यापारी विचारतो तुला काय काय येतं. थॉमस म्हणतो लाकडात नांगर, जू, होड्या, वल्ही, डोलकाठ्या, आणि दगडात खांब, देवळं, राजवाडे. राजानं त्याला जागा दाखवली, झाडी होती, पाणी होतं. थॉमसनं बोरूच्या काडीनं माप घेऊन जमिनीवरच नकाशा आखला, दरवाजे उगवतीला उजेडासाठी, खिडक्या मावळतीला वाऱ्यासाठी, भटारखाना दक्षिणेला आणि पाण्याचे पाट उत्तरेला. राजा खूश. पण थॉमस म्हणाला काम हिवाळ्यात सुरू करणार, राजाला नवल वाटलं कारण तिकडं बांधकाम उन्हाळ्यात करतात.

राजा पैसे पाठवत राहिला आणि थॉमस ते सगळे गरिबांना, आजाऱ्यांना वाटत गेला. राजानं निरोप पाठवून विचारलं काम कुठवर आलं, थॉमस म्हणाला झालंय, फक्त छप्पर राहिलंय, त्यावर आणखी सोनंनाणं आलं, ते पण वाटलं. शेवटी राजा बघायला आला तर एक दगड पण रचलेला नाही. लोक म्हणाले हा माणूस स्वतः भाकरी आणि मीठ खातो, पाणी पितो, अंगावर एकच कपडा, औषधपाणी करतो त्याचे पैसे घेत नाही. राजानं विचारलं माझा राजवाडा कुठं आहे. थॉमस म्हणाला बांधून झालाय, पण आता तुला दिसणार नाही, मेल्यावर दिसेल. राजानं त्याला आणि त्या व्यापाऱ्याला दोघांना आत टाकलं, सकाळी कातडी सोलून जाळायचं ठरवलं.

त्याच रात्री राजाचा भाऊ गाद मेला. देवदूतांनी त्याला वरती नेऊन घरं दाखवली, एक राजवाडा त्याला इतका आवडला की म्हणाला मला याच्यातली खालची एक खोली तरी द्या. ते म्हणाले हा तुझ्या भावाचा आहे, थॉमसनं बांधलेला. तेव्हा तो विनवणी करून परत जिवंत झाला आणि भावाकडं तो राजवाडा विकत मागायला लागला. तिथं राजाच्या डोक्यात प्रकाश पडला.

माझी आजी ही कथा आम्हाला कोकणीत सांगायची. आजोबा पण बांधकामावर होते, पोर्तुगीजांच्या काळात गोव्यातनं घाट चढून बेळगावला आलेले, लोकांची घरं बांधत गेले आणि स्वतः शेवटपर्यंत भाड्याच्या खोलीत राहिले. आजीला त्या खालच्या खोलीचं फार होतं. सांगताना तिथं आली की थांबायची.

अनगोळचा_पोरगा:

कथा भारी आहे पण खरं काय ते सांगा की कुणीतरी, तो भारतात आला होता की नव्हता? काही लोक म्हणतात सगळं बनावट, काही म्हणतात ५२ सालीच आला. एका वाक्यात सांगा.

टिळकवाडी_इतिहास:

एका वाक्यात सांगतो, त्या काळी येणं सहज शक्य होतं, आलाच असं दाखवणारा त्या काळातला लेखी पुरावा नाही, आणि येऊन गेला ही आठवण मात्र फार जुनी आहे. आता जरा सविस्तर, कारण एका वाक्यात हा विषय मावत नाही.

पहिली गोष्ट तो गुंदफर राजा. शेकडो वर्षं लोक समजायचे की कथेतलं नाव आहे, असा राजाच नव्हता. १८३० च्या दशकात अफगाणिस्तान-पंजाब भागात नाणी सापडायला लागली, त्यावर नाव गोंडोफारेस. मग पेशावरजवळच्या तख्त-ए-बाही इथला शिलालेख वाचला गेला, त्यात त्याच्या राज्याचं २६ वं वर्ष दिलंय, ते बहुतेक अभ्यासक इसवी सन ४६ धरतात. म्हणजे राजा खरा, तक्षशिला-गांधार भागातला, आणि काळ बरोबर थॉमसचाच. एडेसात बसून २०० वर्षांनी लिहिणाऱ्याला हे नाव ठाऊक होतं. एवढ्यावरनं थॉमस तिथं गेला हे सिद्ध होत नाही, एडेसा व्यापाराच्या वाटेवर होतं, नाव तसंही पोचलं असेल. पण निव्वळ मनानं रचलेलं नाव नाही हे नक्की.

दुसरी गोष्ट केरळ. तिथली परंपरा सांगते की इसवी सन ५२ मध्ये तो मुझिरीसला, म्हणजे कोडुंगल्लूरच्या बाजूला, समुद्रातनं उतरला, सात चर्चेस उभी केली, कोडुंगल्लूर, पालयूर, परवूर, कोक्कमंगलम, निरणम, निलक्कल, कोल्लम, आणि तिरुविताम्कोडचं ते अर्धं असं साडेसात मोजतात. मग पूर्वेला मैलापूरला, म्हणजे आताच्या चेन्नईत, गेला, तिथं ७२ साली मारला गेला. आता हे साल त्या काळच्या कुठल्या कागदावर नाही, परंपरेनं चालत आलंय. पण जहाजं मात्र खरंच येत होती. प्लिनी नावाचा रोमन लेखक त्याच शतकात लिहितो की मोसमी वारा धरला तर लाल समुद्राच्या तोंडापासनं ४० दिवसांत मुझिरीस. व्हिएन्नात एक पपायरस, म्हणजे त्या काळचा लव्हाळ्याचा कागद, जपून ठेवलाय, दुसऱ्या शतकातला, मुझिरीसच्या मालावर काढलेल्या कर्जाचा करार, जहाजाचं नाव हर्मापोलोन. २००७ पासनं कोडुंगल्लूरजवळ पट्टणमला उत्खनन झालं तर रोमन मद्याच्या सुरया निघाल्या. मिरी न्यायला माणसं येत होती, त्यात एक उपदेश करणारा येणं काय अवघड नाही.

तिसरी गोष्ट, चौथ्या शतकात एफ्रेम नावाचा सिरियन कवी लिहितो की थॉमसची हाडं एका व्यापाऱ्यानं भारतातनं एडेसाला आणली. म्हणजे १,६०० वर्षांपूर्वी तिकडच्या लोकांची पण समजूत हीच होती की तो भारतात मेला. मार्को पोलो १३ व्या शतकात इकडं आला तेव्हा ती कबर प्रसिद्ध होती, तो लिहितो की ख्रिश्चन आणि मुसलमान दोघं तिथं जातात आणि तिथली लाल माती आजाऱ्याला देण्यासाठी नेतात.

एक सावधगिरी, जुने ग्रीक-रोमन लेखक इंडिया हा शब्द फार सैल वापरायचे, कधी अरबस्तान, कधी इथिओपिया पण त्यात येतं. त्यामुळं प्रत्येक उल्लेख आपल्याच देशाचा असं धरू नये. तसंच थॉमसनं नंबुदिरी ब्राह्मणांना बाप्तिस्मा दिला असं जे सांगतात ते इतिहासकारांना पटत नाही, नंबुदिरी वस्ती केरळात त्यानंतरची मानली जाते.

अनगोळच्या मित्रा, सगळं बनावट म्हणणाऱ्यांना कोल्लमचा ताम्रपट दाखव. इसवी सन ८४९, दक्षिण केरळातल्या वेणाडच्या अय्यन अडिगळनं तिथल्या चर्चला दिलेल्या हक्कांचा, आणि त्यावर साक्षीदारांच्या सह्या अरबी, पहलवी (जुनी इराणी) आणि हिब्रू लिपीत. एका हिंदू राजाच्या दानपत्रावर मुसलमान, पारशी, ज्यू सगळ्या लिपी! वास्को द गामाच्या साडेसहाशे वर्षं आधीची गोष्ट. ख्रिस्ती धर्म इंग्रजांनी आणला असं आपल्या भागात सर्रास बोललं जातं, ते बेळगावपुरतं पण पुरतं खरं नाही आणि देशापुरतं तर अजिबातच नाही.

शहापूर_वरनं:

मी नर्स आहे. आमच्या वॉर्डात केरळची एक सिस्टर होती, आम्ही तिला चेची म्हणायचो, आठ वर्षं बरोबर काम केलं. ती ३ जुलैची सुट्टी कधी सोडायची नाही, ख्रिसमसला ड्युटी करीन पण त्या दिवशी नाही. दुक्रान म्हणायची त्या सणाला, म्हणजे आठवण. सकाळी उपास, मग चर्च, मग आम्हाला सगळ्यांना डब्यातनं अप्पम. एकदा मी विचारले तुमच्या घरात कधीपासनं ख्रिश्चन, तर म्हणाली तोमा आला तेव्हापासनं. अशी म्हणाली की जणू आजोबांनी बघितलाय त्याला.

तिनं मोबाईलवर मार्गमकळी दाखवलेली, पांढऱ्या कपड्यात बारा जणी दिव्याभोवती गोल फिरून नाचतात, मधला दिवा म्हणजे येशू आणि बारा म्हणजे शिष्य, गाण्यात थॉमसचीच कथा. मला आपल्या गौरीच्या फेरासारखंच वाटलं ते. पुरावा वगैरे मला कळत नाही, पण इतकी वर्षं इतकी माणसं एक आठवण धरून राहतात त्याला पण काय तरी वजन आहे असं मला वाटतं.

टिळकवाडी_इतिहास:

वजन आहेच ताई. मी तेच म्हणतोय, फक्त आठवण आणि दस्तऐवज वेगळे मोजायचे. दोन्ही मोजायचे पण एकाच तागडीत टाकायचे नाहीत.

चोर्ला_घाट:

मी गोव्यात कामाला, घर बेळगावात, दर शनिवारी चोर्ला उतरतो-चढतो. दोन गोष्टी सांगतो.

एक, गोव्यात आगशीला जुवारी नदीच्या बाजूला २००१ साली एक दगडी क्रॉस सापडला, त्यावर पहलवी अक्षरं. असेच क्रॉस केरळात आहेत, आणि चेन्नईला सेंट थॉमस माउंटवर एक आहे, तो पोर्तुगीजांना १५४७ साली तिथं चर्चचा पाया खणताना मिळाला. त्यांना लोक थॉमस क्रॉस म्हणतात पण ते थॉमसच्या काळातले नव्हेत, पुष्कळ नंतरचे, इराणशी संबंध असलेल्या ख्रिस्ती लोकांचे. म्हणजे कोकण किनाऱ्यावर पण पोर्तुगीजांच्या आधी ही माणसं होती असा अंदाज करायला जागा आहे. सहाव्या शतकातला कॉसमस नावाचा प्रवासी कल्लियाना बंदरात इराणहून नेमलेला बिशप असल्याचं लिहितो, ते आपलं कल्याणच असं पुष्कळ जण मानतात.

दुसरी गोष्ट निपाणीच्या बाईंना आवडेल. थॉमस नावाचा आणखी एक माणूस आपल्या भाषेत आला, फादर थॉमस स्टीफन्स, इंग्रज, १५७९ साली गोव्यात उतरला आणि इथली भाषा शिकून १६१६ साली ख्रिस्तपुराण छापलं, दहा हजारांच्या वर ओव्या, मराठीत. इंग्लंडात जन्मलेला माणूस ओवीत लिहितो, ज्ञानेश्वरांच्या वळणानं. आमच्या मराठी मिसेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, लोक विचारतात मराठीत कसली मिसा, तेव्हा मी हेच सांगतो की ४०० वर्षांपूर्वीपासनं आहे.

आणि गवंडी दादा, मी २०१९ ला मैलापूरला जाऊन आलोय. आत्ताचं चर्च १८९६ साली नव्यानं बांधून पूर्ण झालेलं, पांढरं शुभ्र, उंच, खाली पायऱ्या उतरून कबरीपाशी जाता येतं. बाहेर कडक ऊन, खाली गार आणि शांत. तिथं एक लोककथा सांगतात, समुद्रात प्रचंड ओंडका वाहून आला, राजाची माणसं आणि हत्ती ओढून दमले, हलला नाही, आणि थॉमसनं कंबरेची दोरी बांधून एकट्यानं ओढून नेला आणि त्याच लाकडाचं चर्च उभं केलं. तुमच्या धंद्यातलीच कथा आहे ही पण.

निपाणीच्या_बाई:

चोर्ला घाट, स्टीफन्सचं लिहिलंत, मन भरून आलं. मी दरवर्षी दहावीच्या वर्गाला त्याच्याबद्दल सांगायचे, अभ्यासक्रमात असो नसो.

गवंडी दादा, एक विनंती. ती मूर्ती रंगवायला कुणी सांगितलं तर घाई करू नका. जुना रंग असेल तो तसाच राहू दे, ऑइलपेंट मारला की चेहराच जातो. आधी फोटो काढून ठेवा, आणि तुटलेला तुकडा तिथंच कुठं पडलाय का बघा.

टिळकवाडी_इतिहास:

बाईंना पूर्ण अनुमोदन. आणि भिंतीला पण सिमेंटचा गिलावा नको बरं का दादा, चिरा आणि चुन्याच्या भिंतीला सिमेंट मारलं की ओल आत अडकते, जांबोटीकडचा पाऊस तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

गवंडीकाम_खानापूर:

सिमेंट नाही मारत, चुना भिजत घातलाय पंधरा दिवस झाले. कमिटीवाले म्हणत होते सिमेंट करा लवकर होतंय, मी नको म्हणालो.

आज फादर आले होते. मी त्यांना सगळं सांगितलो, राजवाडा, ओंडका, बाईंनी लिहिलेलं ते मरायला जाण्याचं, ते माझ्याकडं बघतच राहिले, म्हणाले हे तुला कुठनं कळलं. मूर्तीला हात लावायची परवानगी दिली. कोनाड्याच्या मागं चुन्याचा कचरा साठलेला, तो हातानं चाळलो, आणि बाई, तुकडा मिळाला. बोटभर आहे, पण तोच, मोड बरोबर जुळतोय. फणसाचं लाकूड वाटतंय. आमच्या गल्लीतला सुतार आहे जुना, त्याला दाखवून लाकडाच्या कुसूनंच जोडतो, खिळा मारणार नाही. रंगाला हात लावत नाही.

जोडायच्या आधी माझा गुण्या त्याच्याशेजारी धरून बघितलो. कोपरा एकदम बरोबर आहे, ज्यानं ती मूर्ती केली त्यानं मोजून केलीय, अंदाजानं नाही.

आज्जी सांगत होती ३ जुलैला तिथं मिसा असते आणि नंतर सगळ्यांना जेवण, आजूबाजूच्या वाडीतली हिंदू घरं पण येतात. आमच्याकडं त्या टायमाला रोप लावणी असते, चिखलातनं वेळ मिळत नाही, पण यावेळी अर्धा दिवस काढून बायको-पोरीला घेऊन जाणार. बाई, तुम्ही निपाणीहून येणार असला तर आदल्या दिवशी इथं लिहा, खानापूर स्टँडवरनं मी तुम्हाला घेऊन जातो.